आधी चाचणी, मग सक्ती : टॅबलेट ॲप व पोर्टलच्या वापरसुलभतेबाबत मागणीपत्र

प्रति,
मा. सचिव,
ॲपची अंमलबजावणी करणारा विभाग

विषय : क्षेत्रीय कामासाठी दिलेली ॲप व पोर्टल वापरणाऱ्यांकडून तपासून घेणे आणि तोवर कारवाई स्थगित ठेवणे.

महोदय/महोदया,

आमचे सभासद उपकेंद्रांवर काम करणाऱ्या आरोग्य सेविका व आरोग्य सेवक आहेत. गरोदर मातांची नोंदणी, लसीकरण, बाळंतपणानंतरच्या गृहभेटी, या सर्वांची नोंद आता टॅबलेटवर करावी लागते. टॅबलेटला आमचा विरोध नाही. परंतु ज्या ॲपवरून आमच्या कामाचे मोजमाप होते, ते सेविकेच्या हाती देऊन तपासले गेलेले नाही. मासिक बैठकांत हे वारंवार मांडून झाले आहे. आता मागण्या लेखी सादर करत आहोत.

१. सक्तीपूर्वी चाचणी
प्रशिक्षणात प्रात्यक्षिक दाखवले जाते, त्यालाच चाचणी समजले जाते. चाचणीत सेविका स्वतः नोंद करते आणि ॲप बनवणारा शेजारी गप्प बसून ती कुठे अडते ते लिहून घेतो. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी २००० मध्येच सुचवले होते की, १५ जणांची एकच चाचणी घेण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या तीन फेऱ्या घ्याव्यात आणि प्रत्येक फेरीनंतर दुरुस्ती करावी.
मागणी : प्रत्येक नवे ॲप व प्रत्येक मोठा बदल अशा तीन फेऱ्यांतून जावा. दर फेरीत ५ कर्मचारी असावेत. त्यांत किमान दोन ५० वर्षांवरील आणि एक नेटवर्क नसलेल्या गावातील असावी. चाचणी उपकेंद्रात, विभागाने दिलेल्याच टॅबलेटवर व्हावी.

२. बोटाला पुरेल एवढी जागा
आयपॅड बाजारात आला त्याच वर्षी, २०१० मध्ये, निल्सन यांच्या संस्थेने त्याची पहिली चाचणी घेतली. २०११ च्या दुसऱ्या चाचणीत दिसले की, पडद्यावरचा मजकूर वाचता येतो, पण बोटाने नेमका दाबता येत नाही. आमच्या ॲपमध्ये ‘जतन करा’ आणि ‘रद्द करा’ ही बटणे एकमेकांना खेटून आहेत. मांडीवर टॅबलेट धरून नोंद करताना बोट जरा सरकले की भरलेले पान पुसले जाते.
मागणी : दाबायची प्रत्येक जागा किमान १ सेंमी × १ सेंमी असावी, ही दोन बटणे दूर ठेवावीत आणि रद्द करण्यापूर्वी खात्रीचा प्रश्न यावा.

३. चालणारी मराठी
मराठी निवडली तरी चुकीची सूचना इंग्रजीतच येते. ओळींतील अंतर कमी असल्याने उकार कापले जातात. मराठी कळफलकावरून ‘९.५’ असे हिमोग्लोबिन भरले, तर ॲप ते आकडे मानत नाही.
मागणी : सर्व सूचना मराठीत असाव्यात, देवनागरी अंक स्वीकारावेत आणि काय चुकले व काय भरावे हे सूचनेतच सांगावे.

४. माहेरी आलेल्या मातेची नोंद
पहिल्या बाळंतपणाला माहेरी येण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे, ॲपला नाही. सासरच्या उपकेंद्रातील नोंद शोधताना नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक पडला, तर ती सापडत नाही. नवी केली, तर दुबार नोंदीचा ठपका येतो.
मागणी : माता-बाल संरक्षण कार्डावरील क्रमांकाने शोध व्हावा आणि दोन्ही उपकेंद्रांना तीच नोंद पुढे चालवता यावी.

५. नेटवर्क नसताना
मागणी : भरलेली माहिती टॅबलेटवर आपोआप जतन व्हावी आणि रेंज मिळताच पुढे जावी. नोंदीची वेळ ती भरल्याची धरावी, पोहोचल्याची नव्हे.

६. दुहेरी काम व कारवाई
एकच माहिती नोंदवहीत आणि टॅबलेटवर लिहावी लागते. शिवाय मांडणीच्या दोषाने राहिलेल्या नोंदीबद्दल नोटीस कर्मचाऱ्याला मिळते. हे न्यायाला धरून नाही.
मागणी : तीन फेऱ्या पूर्ण होईपर्यंत नोंदवही ग्राह्य धरावी, त्यानंतर ती बंद करावी. तोवर केवळ ॲपवरील आकड्यांच्या आधारे नोटीस, वेतनकपात वा प्रतिकूल शेरा नसावा.

७. दोषांची नोंद व उत्तर
मागणी : प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळावा. काम थांबवणारा दोष ७ दिवसांत, इतर दोष ३० दिवसांत दूर व्हावेत. पुरवठादाराचे देयक चाचणीचा अहवाल आणि दुरुस्तीचा दाखला पाहूनच अदा व्हावे.

या मागण्या आवाक्यातल्या आहेत. चाचणीसाठी प्रयोगशाळा लागत नाही. एक टॅबलेट, एक निरीक्षक आणि एक कामाचा दिवस पुरतो. शासकीय संकेतस्थळे व ॲप यांच्यासाठीच्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांची तिसरी आवृत्ती २०२३ पासून उपलब्ध आहे, म्हणजे निकषही नव्याने ठरवायचे नाहीत. पहिल्या फेरीसाठी सभासदांची नावे संघटना देईल. तो दिवस कर्तव्यकाळ धरावा.

या पत्राच्या तारखेपासून ३० दिवसांत पहिल्या फेरीची तारीख लेखी कळवावी. ती न आल्यास सभासद ॲपवरील नोंद थांबवून फक्त नोंदवही भरतील. लसीकरण व गृहभेटी ठरल्या वेळी सुरूच राहतील.

अध्यक्ष                सरचिटणीस
(सभासदांच्या वतीने)