सातवाहनांपूर्वीचे शेतकरी

महाराष्ट्राचा इतिहास सातवाहनांपासून आरंभ करण्याची एक रीतच पडून गेली आहे. राजा, नाणे आणि शिलालेख ही त्रयी हाती लागल्याशिवाय इतिहासकाराला करमत नाही. पेरू देशाचेही असेच झाले. इंकांचे नाव जगभर झाले. परंतु त्यांच्या पूर्वी त्याच कोरड्या किनाऱ्यावर कालवे खणून शेती पिकविणारे मोचे आणि चिमू लोक, किंवा सुपे खोऱ्यात साडेचार हजार वर्षांपूर्वी कराल नगरी उभारणारे श्रमिक, यांची आठवण फार उशिरा झाली.

महाराष्ट्राचे कराल काही दगडी मनोऱ्यांचे नाही. ते मातीचे आहे. प्रवरेकाठच्या जोर्वे गावी १९५०-५१ साली उत्खनन झाले आणि तांबड्या भांड्यांवर काळी नक्षी काढणाऱ्या एका कृषिसंस्कृतीला त्या गावाचे नाव मिळाले. तिचे सर्वांत बोलके दर्शन घडले ते शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी, इनामगाव येथे. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी आदी संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात तेथे सव्वाशेहून अधिक घरे उघडी केली. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० एवढा त्या वस्तीचा काळ. जव, गहू, मसूर पिकविणारी, गुरे पाळणारी, तांबे जपून वापरणारी ही माणसे. मेलेल्या मुलांना दोन रांजणांची तोंडे एकमेकांस जोडून ती घराच्या जमिनीखालीच पुरीत. प्रौढांना पुरताना त्यांचे पाय घोट्यापासून तोडीत.

वस्तीलगत त्यांनी पुराचे पाणी वळविण्यासाठी पाट खणला आणि त्याला बांध घातला. पाट सुमारे दोनशे मीटर लांबीचा. एका कुटुंबाचे हे काम नव्हे. गावाच्या एकत्रित श्रमाशिवाय ते होणे नाही. या समूहशक्तीचे कौतुक जरूर करावे, परंतु तेथेच थांबणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे घर होते आणि त्याला लागून धान्याचे कोठार. कुंभार, सोनार, मणी घडविणारे कारागीर राहात ते पश्चिमेच्या कडेला. त्या मोठ्या घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात एक पुरुष मांडी घातलेल्या स्थितीत पुरलेला सापडला. त्याचे पाय मात्र तोडलेले नव्हते.

यावरून जातिव्यवस्थेचा उगम शोधावयास धावणे उतावळेपणाचे ठरेल. मात्र, श्रम सर्वांचे आणि कोठार एकाच्या दाराशी, ही मांडणी राजांच्या आधीपासूनची आहे, एवढे तरी त्या मातीने सांगितले आहे.

पुढे पाऊस उणावला, असे संशोधकांचे अनुमान आहे. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती आक्रसली, शिकार वाढली आणि अखेर गाव उठले.

मुळशी तालुक्यातील मुठा गावावरून जाणारी नदी मुळेला मिळून भीमेस जाते. घोडही भीमेतच उतरते. एकाच खोऱ्याची ही दोन टोके. मुठेवरील खडकवासल्याचे धरण १८७९ साली पुरे झाले. आज मुठा गावाच्या वरच्या अंगाला टेमघर आहे. शेजारच्या खोऱ्यात टाटांच्या धरणासाठी मावळ्यांच्या जमिनी गेल्या, आणि १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली त्यांनी सत्याग्रह केला. त्या पाण्यावरची वीज मुंबईच्या कारखान्यांकडे गेली. ज्यांची भातखाचरे बुडाली ते डोंगराच्या कडेला सरकले. त्यांच्या मागे चार पायांचे रांजण राहिले नाहीत. कोणी उद्या त्या जलाशयाच्या तळाशी खणले, तर चुलीचे दगड आणि खाचरांचे बांध तेवढे सापडतील.