पडद्यावरची सरळ रेघ

एखादा रोध कशालाही न जोडता नुसता टेबलावर ठेवला, तरी त्याच्या दोन टोकांमध्ये अतिसूक्ष्म विभवांतर असते आणि ते क्षणोक्षणी बदलत राहते. उष्णतेमुळे रोधातील इलेक्ट्रॉन सैरावैरा धावत असतात, त्याचा हा परिणाम. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन्सन यांनी तो मोजला, नायक्विस्ट यांनी त्याचे गणित मांडले. दोघांचे निबंध १९२८ साली प्रसिद्ध झाले. हीच विद्युत् खरखर.

ती असते तरी किती? रोध १० हजार ओहमचा, तापमान २७ अंश सेल्सिअस आणि कंप्रतेचा पट्टा २० हजार हर्ट्झ रुंद असेल, तर सुमारे १.८ मायक्रोव्होल्ट. हे क्षुल्लक वाटेल. पण प्रवर्धकाला संकेत कोणता आणि खरखर कोणती, हे कळत नाही. तो दोन्ही सारखीच वाढवतो.

आता विद्युत् मंडल संगणकावर जुळवून त्याचे वर्तन पाहता येते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विभागात १९७३ साली 'स्पाइस' ही आज्ञावली तयार झाली. आजच्या बऱ्याच आज्ञावल्या तिच्याच वंशातल्या, आणि काही फुकट मिळतात. प्रयोगशाळेत सामान नाही, मग संगणकावरच प्रयोग उरका, असा सोपा मार्ग त्यामुळे निघाला आहे. माझी तक्रार आहे ती इथे. विद्यार्थी कालानुसार विभवांतराचा आलेख काढतो, पडद्यावर सुरेख रेघ उमटते, आणि मंडल असेच शांत असते अशी त्याची समजूत होते. वस्तुतः या आकडेमोडीत रोध फक्त ओहमचा नियम पाळतो. खरखर तिच्यात साधारणपणे धरलेलीच नसते!

ती हवी असेल तर खरखरीचे विश्लेषण वेगळे मागावे लागते. मग आज्ञावली प्रत्येक रोधाला आणि ट्रान्झिस्टरला खरखरीचा एकेक छोटा उगम जोडते, प्रत्येक कंप्रतेला त्यातला किती भाग बाहेर पोचतो ते काढते आणि सर्वांची बेरीज करते. ही बेरीज मात्र वर्गांची. उगम एकमेकांपासून स्वतंत्र असल्यामुळे ३ आणि ४ मायक्रोव्होल्ट मिळून ७ होत नाहीत, ५ होतात. (पायथागोरस इथेही भेटतो!) यातले ३ चे निम्मे केले तर एकूण खरखर जेमतेम ४.३ वर येते. ४ चे निम्मे केले तर ३.६ वर. म्हणजे मोठा उगम आधी गाठावा. हे गणित नववीच्या मुलालाही जमेल, तरी आपण ते अभियंत्यांसाठी राखून ठेवतो, हे मला पटत नाही.

शिक्षकांनी आणखी एक करावे. तेच मंडल प्रत्यक्ष जोडून त्याला कर्णध्वनी लावावा. विजेच्या तारांचा ५० हर्ट्झचा घुंघुं आवाज, कच्च्या डाखाची कडकड, यांतले काहीही आज्ञावलीच्या उत्तरात सापडणार नाही, कारण तिला ते कोणी सांगितलेलेच नव्हते.

आणि विद्यार्थी मित्रांनो, घरी संगणक असेल तर केवळ रोधांचे एखादे मंडल घ्या. तापमान २७ अंशांऐवजी उणे १९६ अंश, म्हणजे द्रव नायट्रोजनचे, द्या. केवल तापमान जवळजवळ चौथाईवर येते. खरखर किती उरते, ते आधी कागदावर काढा आणि मग कळ दाबा.