घराची फाइल एकट्याच्या डोक्यात नको



सध्या आपल्या ग्रुपवर घर आवरण्याच्या फायलींचे फोटो फिरताहेत. रिंग फाइल, आत हातकागदाचे रंगीत टॅब, कडेला कापडी पट्टी, वर कागदाची फुलं. खूप सुरेख दिसतात. पण फाइल चांगली झाली की नाही, हे फोटोवरून कळत नाही. जिने ती केली ती घरात नसताना दुसऱ्या कुणाला हवा तो कागद पाच मिनिटांत सापडला, तर फाइल चांगली. नाही सापडला, तर घरात आणखी एक परिग्रह वाढला, एवढंच.

असं म्हणायला कारण आहे. निगडी, चिंचवड, भोसरीपासून चाकणपर्यंत आपल्या किती घरांत कागदाचं काहीही विचारलं की एकच उत्तर येतं, "ते यांना माहीत." विमा यांना माहीत, एफडी यांना माहीत, घराचे कागद कुठे आहेत तेही यांनाच माहीत. मागच्या वर्षी आमच्या ओळखीच्या एका काकूंच्या घरी रात्री दोन वाजता काकांच्या छातीत दुखायला लागलं. हॉस्पिटलमध्ये मेडिक्लेमचं कार्ड मागितलं. पॉलिसी होती, हप्ते वेळेवर भरलेले होते. पण कार्ड कुठे आहे ते ज्यांना माहीत होतं, तेच आत आयसीयूत होते. काका बरे झाले, देवाची कृपा. पण त्या रात्री काकूंनी पैशासाठी दहा जणांना फोन केले, आणि कार्ड सगळा वेळ घरातल्या कपाटातच होतं.

हे आपल्याला तरी नवीन वाटायला नको. आपली शास्त्रं लिहून का ठेवली गेली ते आठवा. दिगंबर परंपरा सांगते की गिरनारच्या चंद्रगुफेत राहणारे धरसेनाचार्य वृद्ध झाले, तेव्हा आपल्याबरोबर हे श्रुतज्ञान लोपेल याची त्यांना काळजी वाटली. त्यांनी दक्षिणेतून दोन मुनींना बोलावून घेऊन शिकवलं. पुष्पदंत आणि भूतबली या त्या दोघांनी षट्खंडागम रचला. तो पूर्ण झाला तो दिवस, ज्येष्ठ शुद्ध पंचमी, म्हणजे श्रुतपंचमी. श्वेतांबर परंपरेत देवर्धिगणी क्षमाश्रमणांनी वल्लभीला आगम लिहवून घेतले, तेही पाठांतर विसरलं जाऊ लागलं म्हणून. एकाच्या डोक्यातलं ज्ञान त्याच्याबरोबर जातं, हे आपल्या आचार्यांनी दीड-दोन हजार वर्षांपूर्वी ओळखलं होतं. शास्त्राची आणि विम्याच्या कागदाची बरोबरी मी करत नाही. पण सवय तीच हवी.

भोक पाडून पानं एकत्र ठेवणंही आपल्याला जुनंच आहे. ताडपत्रांना भोक पाडून त्यातून दोरी ओवत. पुढे कागद आला, दोरीची गरज संपली, तरी कितीतरी जैन पोथ्यांत पानाच्या मधोमध ती जागा मोकळी सोडलेली किंवा ठिपक्याने सजवलेली दिसते. आजच्या रिंग फाइलचं श्रेय जर्मनीतल्या बॉनच्या फ्रीडरिश झोनेकेन यांना दिलं जातं, ते १८८६ चं.

आपल्या भागातली गंमत बघा. चाकण-भोसरीच्या कंपन्यांत काम करणाऱ्या बहुतेकांना जपानी 'फाइव्ह एस' पाठ असतं. पहिला एस म्हणजे नको ते बाजूला काढा, दुसरा म्हणजे उरलेल्याला ठरलेली जागा द्या. तिथे फळ्यावर प्रत्येक पान्याचा आकार रंगवलेला असतो, पाना जागेवर नसेल तर लांबूनच कळतं. आणि तोच माणूस घरी आला की विम्याचा कागद "कुठेतरी वरच्या कप्प्यात असेल" म्हणतो! पहिला एस हा तर आपला अपरिग्रहच. म्हणून सुरुवात खरेदीने करू नका. आधी कागद काढून टाका. बंद पडलेल्या मिक्सरचं वॉरंटी कार्ड आणि कधीच न उघडलेली माहितीपुस्तकं गेली की एक रिंग फाइल पुरते.

आता करायची कशी. मूळ कागदाला कधीही पंचिंग करू नका. खरेदीखत, जन्मदाखला, शाळेचा दाखला हे पारदर्शक पिशवीत घालून पिशवी रिंगमध्ये अडकवा. लॅमिनेशनही नको, ते पुन्हा काढता येत नाही आणि काढताना कागद फाटतो. टाचण्या आणि स्टेपलच्या पिना काढून टाका, पावसाळ्यात त्या गंजतात आणि कागदावर डाग पडतो. दुकानाच्या गुळगुळीत पावत्यांवरची अक्षरं काही महिन्यांत उडतात, त्यामुळे सोन्याची किंवा फ्रिजची पावती असेल तर तिची लगेच झेरॉक्स काढा. मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये असेल तर फाइलमध्ये झेरॉक्स ठेवा आणि तिच्यावर "मूळ प्रत लॉकरमध्ये" असं लिहा.

टॅबसाठी हातकागद हवा असेल तर लांब जायला नको. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे. तिथे सुती कापडाच्या चिंध्यांपासून कागद होतो, त्यासाठी झाड तोडावं लागत नाही. चाकणच्या पुढे जुन्नरला तर पूर्वी कागदी लोकांची वस्तीच होती आणि पेशवाईत जुन्नरी कागद वापरला जाई. पण विकतचाच कागद हवा असंही नाही. लग्नाच्या आणि तपस्येच्या पत्रिकांचा जाड कागद उत्तम टॅब होतो. फक्त एक सांभाळा. ज्या पत्रिकेवर भगवंतांचं चित्र किंवा नवकार मंत्र आहे ती कापू नका, आशातना होते. तो भाग वेगळा ठेवा आणि देरासरात किंवा स्थानकात जमा करत असतील तिथे द्या.

चिकटवण्याबद्दलही बोलायला हवं. बाइंडिंगचा सरस जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात, तो आपल्याला चालणार नाही. कणकेच्या खळीवर कसर आणि झुरळं येतात, मग औषध मारायची वेळ येते. त्यापेक्षा दाभणाने भोकं पाडून सुती दोऱ्याने शिवा. डांबर गोळ्यांऐवजी वेखंडाची पुरचुंडी ठेवा. आपल्या ज्ञानभंडारांत पोथ्यांजवळ घोडावजाच्या पोटल्या ठेवतात. ते घोडावज म्हणजेच बाळगुटीतलं आपलं वेखंड. जीव आधी येऊच नयेत अशी व्यवस्था करणं, हीच जयणा.

फाइलमध्ये पाच टॅब पुरेत. पहिला तातडीचा: प्रत्येकाचा रक्तगट, चालू औषधं, मेडिक्लेमची प्रत, डॉक्टरांचा नंबर. इथेच प्रत्येकाचे नियमही लिहा. कुणाचा चौविहार आहे, कुणाला जिलेटिनची कॅप्सूल नको आहे, हे शुद्ध हरपलेल्या माणसाला विचारता येत नाही. कुणाची नेत्रदानाची इच्छा असेल तर तीही इथेच, कारण त्यासाठी हातात फक्त काही तास असतात. दुसरा घराचा: इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, महापालिकेच्या मिळकत कराची पावती, गावाकडे जमीन असेल तर सातबारा. तिसरा पैशाचा: कुठल्या बँकेत काय आहे आणि नॉमिनी कोण आहे, एवढीच यादी. पिन आणि पासवर्ड मात्र फाइलमध्ये लिहू नका. चौथा मुलांचा आणि पाचवा हप्त्यांच्या तारखांचा.

दुसरा टॅब लावताना एक बघा, घराच्या कागदावर तुमचं नाव आहे का? महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून राहतं घर फक्त बायकांच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पुढचं घर घेताना हा विषय काढायला हरकत नाही. आपण वर्षभर जे कागद नीट लावतो त्यांत आपलं नाव कुठे आहे, हे विचारणं म्हणजे लोभ नव्हे.

मुली म्हणतात, "मम्मी, आता सगळं मोबाइलवर असतं." बरोबर आहे. डिजिलॉकर २०१५ पासून आहे, जरूर वापरा. पण मोबाइलला लॉक असतं आणि ते एकाच्याच बोटाने उघडतं. सासूबाईंना रात्री दोन वाजता डिजिलॉकर उघडता येणार नाही, फाइल मात्र नक्की उघडता येईल. म्हणून टॅबवरची अक्षरं मोठी आणि मराठीत काढा. फुलं लावायची तर नंतर लावा.

आणि शेवटचं. फाइल करून कपाटात ठेवली की ती जुनी होऊ लागते. आपल्या पोथ्या टिकल्या, कारण त्या ठरल्या दिवशी बाहेर निघत, झटकल्या जात, नव्या वेष्टनात बांधल्या जात. आपल्याकडे असे दोन दिवस आहेत: पावसाळ्याच्या तोंडावर श्रुतपंचमी आणि दिवाळीनंतर ज्ञानपंचमी. पंथ कुठलाही असो, दोन्ही दिवशी ज्ञानाची पूजा झाली की तासभर घराची फाइल उघडा. सासूबाई, सून, लेक, सगळ्या जणी बसा. यांनाही बसवा. जुने कागद काढा, नवे लावा आणि मग घरात सगळ्यात कमी माहिती असलेल्या बाईला सांगा, "मेडिक्लेमचं कार्ड काढून दाखव." तिने काढलं की तुमची फाइल झाली.