खाण म्हणजे कारखाना नव्हे

औद्योगिक क्रांतीचा विषय निघाला की इंग्लंडातील कोळसा, जेम्स वॅटचे १७६९ चे पेटंट आणि मँचेस्टरच्या गिरण्या आपण पाठ म्हणून दाखवतो. पण कोळसा तर इतर देशांतही होता! मग क्रांती तिथेच का झाली? माझे आजोळ बालाघाट जिल्ह्यातील लांजीचे, म्हणून हा प्रश्न मला केवळ परीक्षेपुरता वाटत नाही.

लांजीभोवती धान पिकते. जिल्ह्यात भरवेलीला मँगनीज आणि मलाजखंडला तांबे आहे. मध्य प्रांतातील मँगनीज काढण्यासाठी १८९६ मध्ये ब्रिटिश कंपनी निघाली आणि पोलादाला लागणारे हे खनिज परदेशी भट्ट्यांकडे जाऊ लागले. स्वातंत्र्यानंतर मलाजखंडचे तांब्याचे खनिजही दळून-निवडून राजस्थानात खेत्रीला वितळवायला जात असे. खाणीने मजुरी दिली, हे मान्य; परंतु मूल्यवर्धनाचा मोठा वाटा दुसरीकडेच राहिला. आमच्या कन्नड विभागातील मित्रांना कोलार ठाऊक आहे. १९०२ मध्ये शिवनसमुद्रची वीज तिथे पोहोचली, तरी २००१ मध्ये सोन्याची खाण बंद होताच हजारोंचा रोजगार गेला.

याउलट नागपूर पाहा. कापूस या भागात पूर्वीपासून होता. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी तिथे एम्प्रेस मिल सुरू केली, नव्या पद्धतीच्या रिंग चात्या वापरून पाहिल्या आणि रेल्वेच्या माल खात्यातील बेझनजी मेहतांना गिरणीचा कारभार शिकायला लावले. ती गिरणी २००२ मध्ये बंद पडली खरी, पण सव्वाशे वर्षे तिने शहराला काम दिले. २०२५ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले जोएल मोकीर हेच सांगतात: शास्त्रज्ञाचे ज्ञान आणि कारागिराचे कौशल्य एकत्र आले, तेव्हा आर्थिक वाढ टिकली.

बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याची भरडाई, प्रतवारी, कोंड्याचे तेल आणि विक्रीचा हिशेब हे सारे लांजीत का होऊ नये? माझे मामेभाऊ आज कामासाठी नागपूरची वाट धरतात. वाणिज्य शाखेच्या मित्रांनो, "तुमच्याकडे खनिज किती?" असे कोणी विचारले, तर आपण उलट विचारावे, "इथल्या किती मुलांना काम शिकवाल?"