प्रबंध उरतो, पाहणी हरवते

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांची चौकशी २०१९ मध्ये शासकीय समितीने केली. पाहणीतील ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. आकडा भीषण खराच. परंतु हे प्रमाण वाढत गेले की पूर्वीपासूनच असे होते, याचा उलगडा जुन्या पाहण्यांशी तुलना केल्याखेरीज होणार नाही.

हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागरची पाहणी केली. तेथील सरासरी जमीनधारणा १७७१ मधील ४० एकरांवरून १९१५ पर्यंत ७ एकरांवर आल्याचे ते दाखवू शकले, ते जुने दप्तर शाबूत होते म्हणूनच.

आज विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांमुळे पीएच.डी.चा प्रबंध 'शोधगंगे'त जमा होतो. ज्यावर तो उभा असतो त्या भरलेल्या प्रश्नावल्या मात्र बहुधा संशोधकाच्या घरीच पडून राहतात. यावर उपाय एकच : ग्रंथपालाला पाहणीच्या आरंभापासून भागीदार करणे. रकान्यांचे अर्थ, गाव, तारीख यांची नोंद ठेवणे आणि प्रती जतन करणे हे त्याच्याच विद्येचे काम आहे. दुखण्यांची माहिती उघड होण्याची भीती रास्त आहे. म्हणूनच नावे वेगळी काढून कुलूपबंद ठेवण्याचा नियम हवा.

यासाठी नव्या इमारती नकोत. ग्रंथपालाच्या या श्रमाला वेळ आणि मान्यता हवी. एकदा सांगितलेले दुःख केवळ कागद हरवला म्हणून त्या स्त्रीला पुन्हा सांगावे लागणे, हा संशोधनाचा पराभवच होय.