सरासरी असण्याचा हक्क

एखाद्याबद्दल 'तो ऑटिस्टिक आहे' असं सांगितलं की समोरच्याचा पुढचा प्रश्न बहुतेक ठरलेला असतो: "अरे वा! मग त्याला काय स्पेशल येतं?" डावखुऱ्या माणसाला हे कुणी विचारत नाही. चष्मा लागलेल्यालाही नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वय २८, ऑटिस्टिक आहे, आणि मला स्पेशल असं काहीही येत नाही. १५ ऑगस्ट १९४७ ला कोणता वार होता हे मला फोनवर बघावं लागतं. हॉटेलचं बिल चौघांत वाटायला कॅल्क्युलेटर लागतो. मी बरा कोड लिहितो, बग शोधतो, महिनाअखेरीस पगार घेतो. माझ्या टीममधले बाकीचेही हेच करतात. पण त्यांच्याकडे कुणी आधी चमत्कार मागत नाही.

चमत्काराची ही अपेक्षा पसरवण्यात १९८८ च्या 'रेन मॅन'चा मोठा वाटा आहे. डस्टिन हॉफमनचा रेमंड जमिनीवर सांडलेल्या काड्या क्षणात मोजतो, कसिनोत पत्ते लक्षात ठेवतो. हे पात्र ज्याच्यावरून सुचलं तो किम पीक बहुधा ऑटिस्टिक नव्हताच, असं पुढे मानलं गेलं, हा भाग सोडा. सिनेमातला हिशेब बघा. रेमंडच्या स्मरणशक्तीवर पैसे मिळतात, आणि त्यातून त्याच्या भावाची देणी फिटतात. रेमंड शेवटी परत संस्थेत जातो. एवढी बुद्धी, पण त्याला साधी नोकरी देण्याचा विचार पटकथेतही कुणाच्या मनात येत नाही.

अचाट क्षमता आणि पोट भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॅनिएल टॅमेट या ब्रिटिश ऑटिस्टिक माणसाने १४ मार्च २००४ ला ऑक्सफर्डमध्ये 'पाय'चे २२,५१४ अंक तोंडपाठ म्हणून दाखवले. तो कार्यक्रम एपिलेप्सीसाठी निधी जमवायला होता. टॅमेटचं नाव झालं, पण अंक म्हणून दाखवणं हा काही त्याचा पेशा झाला नाही. तो लेखक झाला. अंक पाठ म्हणायला कुणी दर महिन्याला पगार देत नाही.

टेम्पल ग्रँडिनचं उदाहरण जास्त उपयोगाचं आहे. ही अमेरिकन ऑटिस्टिक बाई गुरांना न बिचकवता पुढे नेणाऱ्या मार्गिकांचे आराखडे बनवायची. आपण बोलण्यात कमी पडतो हे ओळखून ती थेट आपली ड्रॉइंग्ज आणि पूर्ण झालेल्या कामांचे फोटो समोर ठेवायची. तिच्याकडे कौशल्य होतंच. पण तिचं दुकान चाललं ते गप्पांवर न जोखता कामावर जोखलं गेल्यामुळे.

आता आपल्याकडची नोकरीची चाळणी बघा. कॅम्पसला आधी ॲप्टिट्यूड, मग ग्रुप डिस्कशन, मग टेक्निकल, मग एचआर. ग्रुप डिस्कशनमध्ये दहा जण एकाच वेळी बोलतात आणि जो दुसऱ्याचं वाक्य तोडतो त्याला 'लीडरशिप'चे मार्क मिळतात. एचआर विचारतं, "टेल मी अबाउट युवरसेल्फ", आणि त्याचं खरं उत्तर कुणालाच नको असतं. एका कंपनीत कोडिंगच्या दोन्ही फेऱ्या पार केल्यावर मला 'कल्चर फिट वाटत नाही' असं कळवलं गेलं. मी नजरेला नजर देत नव्हतो. त्या पोस्टवर दिवसभर बघायचं होतं ते स्क्रीनकडे.

'स्पेशालिस्टर्न'चं नाव तुम्ही कदाचित ऐकलं असेल. मुलाला ऑटिझम असल्याचं कळल्यावर थॉर्किल सोने या डॅनिश बापाने २००४ मध्ये काढलेली ही कंपनी ऑटिस्टिक लोकांकडून सॉफ्टवेअर टेस्टिंगसारखी कामं करून घेते. बातम्यांत तिच्याबद्दल यायचं ते 'ऑटिस्टिक लोकांची अफाट एकाग्रता'. पण तिथली खरी युक्ती वेगळीच होती: नेहमीच्या मुलाखतीऐवजी उमेदवारांना लेगोचे रोबो बनवायला देऊन त्यांचं काम बघायचं. माणसं आधीही तशीच होती. बदललं ते दार.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो फालतू नाही. कंपन्या धर्मादाय नसतात. 'सुपरपॉवर' म्हटल्याने चार जणांना तरी दार उघडत असेल तर उघडू द्या की! उघडू द्या. पण आत गेल्यावर काय होतं तेही ऐका. "तुम्हा लोकांना रिपिटेटिव्ह काम आवडतं ना?" असं म्हणत दोन वर्षं मला एकाच प्रकारच्या टेस्ट केसेस दिल्या गेल्या. मला ते काम आवडत नव्हतं. एकाग्रता हा गुण ठरला की बारा तास बसणं हे गृहीत धरलं जातं, आणि थकलात तर तुम्ही थापाडे ठरता. प्रमोशनच्या वेळी तीच सुपरपॉवर उलटते: "तो टेस्टिंगमध्येच खूश आहे."

आणि ज्यांना दार उघडतच नाही त्यांचं काय? ज्यांना बोलता येत नाही, ज्यांना दिवसभर कुणाची तरी सोबत लागते, तेही ऑटिस्टिकच आहेत. त्यांच्या वाट्याला दिवाळीच्या आधी सोसायटीत लागणारा पणत्यांचा स्टॉल येतो. आपण दोन डझन घेतो, फोटो टाकतो, 'सो इन्स्पायरिंग' लिहितो. पुढच्या वेळी घ्याल तेव्हा एवढंच विचारा: ज्याने या रंगवल्या त्याला यातले किती मिळतात? ते स्वतःच्या खात्यात जातात का? त्याच्या आईवडिलांना रात्री झोपू न देणारा 'आमच्यानंतर काय?' हा प्रश्न टाळ्यांनी सुटत नाही. नियमित पैशाने तो निदान थोडा हलका होतो.

कायदा आपल्यापेक्षा पुढे आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या यादीत ऑटिझम नव्हता. २०१६ च्या कायद्यात तो आला. सरकारी नोकऱ्यांत अपंगांसाठी किमान ४ टक्के जागा, त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अपंगत्व, शिकण्यातल्या अडचणी, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांत मिळून. खासगी कंपन्यांना कोटा नाही, पण समान संधीचं धोरण जाहीर करणं त्यांनाही बंधनकारक आहे. कामाच्या जागी वाजवी सोयी करून देण्याची कल्पनाही याच कायद्यात आहे. आणि त्या सोयींसाठी 'उमेदवार अलौकिक असावा' अशी अट त्यात कुठेही नाही.

या सोयी तरी काय असतात? मुलाखतीचे प्रश्न आदल्या दिवशी पाठवणं. गप्पांऐवजी कामाचा नमुना बघणं. सूचना तोंडी न देता लिहून देणं. हेडफोन लावायची मुभा, कोपऱ्यातली जागा. अडलं तर विचारायला एक ठरलेला माणूस. यातल्या बहुतेक गोष्टी जवळजवळ फुकट आहेत, आणि ऑटिस्टिक नसलेल्यांचंही त्यात भलंच आहे.

या देशात लाखो सामान्य इंजिनिअर सामान्य काम करून घराचे हप्ते फेडतात, सोमवारी कुरकुरतात, अप्रेझलवर चिडतात. त्यांना कुणी विचारत नाही की तुमच्यात दैवी असं काय आहे. मला आणि माझ्यासारख्यांना तेवढंच हवंय: जेमतेम चांगलं काम, त्याचा पूर्ण पगार, आणि सोमवारी कुरकुरण्याची मोकळीक. तेव्हा पुढच्या वेळी कुणी ऑटिस्टिक माणूस भेटला तर 'काय स्पेशल येतं?' हे विचारू नका. तुमच्या ऑफिसात जागा रिकामी आहे का, ते सांगा.