आरक्षण फुकटात टिकत नाही

मोकळ्या जागा आणि उद्याने राखायला नगरपालिकांना अनुदान देणे म्हणजे करदात्याचा पैसा गवतात घालणे, असा सिद्धान्त हल्ली मोठ्या ऐटीत मांडला जातो. विकास आराखड्यात उद्यानांची आरक्षणे आहेतच आणि ती टाकायला दमडी लागत नाही. जागा घ्यायचीच तर पैशांऐवजी टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, द्या. देखभाल कंपन्यांच्या गळ्यात घाला. अनुदान दिले तर त्याच्या कमानी आणि कारंजी होतात. यातला शेवटचा आक्षेप खरा आहे, पण त्याचा रोख ठेकेदारीवर हवा. देखभालीसाठी दाते शोधायला आधी जागा हाती असावी लागते. उरला तो ‘फुकट’ आरक्षणाचा मुद्दा, आणि सगळा डोलारा त्याच्यावरच उभा आहे.

हे म्हणणाऱ्या विद्वानांनी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चे कलम १२७ एकदा तरी चाळावे. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक खरेदी नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते आणि शेजारच्या जमिनीवर जे बांधता येते ते तिथेही बांधता येते. नुसता प्रस्ताव पाठवणे म्हणजे पाऊल नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स खटल्यात सांगून टाकले आहे. आता नोटिशीचा प्रवास पाहा: आवक-बारनिशीत नोंद, नगररचना विभागाचा अभिप्राय, मोजणी, सर्वसाधारण सभेचा ठराव, जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव, आणि तिथून विचारणा, मोबदल्याची रक्कम कधी भरता? २०१३ च्या भूसंपादन कायद्याने शहरी जमिनीला बाजारभाव आणि त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते, म्हणजे ढोबळमानाने दुप्पट. पगार भागवताना मेटाकुटीला आलेली नगरपालिका इथेच हात टेकते. टीडीआर मालकाच्या संमतीशिवाय गळी उतरवता येत नाही, आणि ज्या गावात त्याला गिऱ्हाईकच नाही तिथला मालक तो कागद घेईल कशाला? मग आरक्षण फुकट कोणाला पडले? १० वर्षे जमीन अडकवून बसलेल्या मालकाला तर नक्कीच नाही. बागा म्हणजे पोटभरल्यांची चैन, हा जुना वादही याच तर्काच्या आडून डोके वर काढतो. बंगल्याला अंगण असलेल्याचे बागेवाचून अडत नाही. दोन खोल्यांत सहा माणसे राहतात, त्यांचे अडते.

म्हणून अनुदान हवे, आणि ते जमिनीसाठी हवे. २०१५ च्या अमृत योजनेत हिरव्या जागांसाठी प्रकल्पखर्चाच्या २.५ टक्क्यांपर्यंत तरतूद होती, पण जमीन खरेदी तिच्यात बसत नव्हती. म्हणजे हातात आहे तीच जागा सजवायची. याउलट, खरेदी नोटीस येताच मोबदल्याचा ठरलेला हिस्सा राज्याने मुदतीत जमा करावा, उरलेला नगरपालिकेने घालावा, आणि मिळकत पत्रिकेवर तिचे नाव लागेपर्यंत एका रोपाचेही बिल निघू नये. सगळी आरक्षणे यातून सुटणार नाहीत. दाट वस्तीतली आधी घ्यावीत. ज्यांना एवढेही जड वाटते, त्यांनी निदान आराखड्यात हिरवा रंग भरणे थांबवावे. मालकांची १० वर्षे तरी वाचतील.